थीम पार्कची सॅक आणि गेटवर अडवलेली पाण्याची बाटली

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मे महिन्याची सुट्टी लागली की आमच्या डोंबिवलीतनं सोसायट्याच्या सोसायट्या थीम पार्क नाहीतर वॉटर पार्कला निघतात, कुणी बस ठरवून, कुणी स्वतःच्या गाडीनं, कुणी सरळ सकाळची खोपोली लोकल पकडून. त्याच्या आदल्या रात्री प्रत्येक घरात एकच प्रश्न असतो, उद्याच्या सॅकमध्ये काय काय भरायचं. मी आमच्या बिल्डिंगच्या आणि मुलांच्या शाळेच्या सहलींना पालक म्हणून मदतीला जाते, त्यामुळे आदल्या दिवशी फोन माझ्याकडे येतात, ताई डबा घेऊ का, ताई पाणी आत सोडतात का, बाळाचं दूध गेटवर अडवतील का. खाण्याच्या, कपड्यांच्या, औषधांच्या प्रश्नांना माझ्याकडे उत्तर असतं. पाण्याच्या प्रश्नाला कुणाकडेच एक उत्तर नाही कारण प्रत्येक पार्कचा नियम वेगळा आणि गेटवर उभ्या असलेल्या माणसागणिक त्या नियमाचा अर्थही वेगळा. म्हणून हे पत्र. दिवसभराच्या पार्कमध्ये पाण्याची बाटली आत नेऊ द्यावी आणि आत ती फुकट भरून मिळावी असा स्पष्ट नियम राज्य सरकारनं करावा, एवढीच मागणी आहे, पण ती का हे नीट सांगायचं तर सॅक उघडूनच दाखवावी लागेल, म्हणून पत्र जरा मोठं झालंय, जागा द्यावी ही विनंती.

उदाहरणासाठी खोपोलीचंच घेऊ. इमॅजिका पार्क खालापूर तालुक्यात, खोपोली-पाली रस्त्यावर सांगडेवाडीला, २०१३ साली सुरू झालं. मुंबई, ठाणे, पुणे सगळ्यांना एक्स्प्रेसवेवरनं जवळ पडतं, आणि कित्येक घरं महडच्या वरदविनायकाचं नाहीतर पालीच्या बल्लाळेश्वराचं दर्शनही त्याच दिवशी उरकतात. म्हणजे पहाटे पाचला घर सोडायचं, रात्री नऊ-दहाला परत. दिवस मोठा, चालणं खूप, आणि सह्याद्रीच्या पायथ्याचा तो मे महिन्यातला दमट उकाडा ज्यांनी अनुभवलाय त्यांना मी काय वेगळं सांगणार, घाम येतच राहतो आणि वाळत नाही. (खोपोली मी फक्त अंतराच्या आणि हवेच्या उदाहरणासाठी घेतलंय. पुढे गेटवरचा जो अनुभव लिहिलाय तो दुसरीकडचा आहे आणि त्या जागेचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण प्रश्न एका पार्कचा नाहीच आहे.)

आता वजनाचा हिशोब बघा. शाळेच्या दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांच्या वर नको असा शासन निर्णय आपल्या राज्यात २०१५ साली निघाला, केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणातही हेच प्रमाण आहे. म्हणजे २५ किलोच्या मुलाच्या पाठीवर जास्तीत जास्त अडीच किलो. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. त्यात ती जाड स्टीलची गार ठेवणारी बाटली घेतली तर बाटलीचंच वजन पाव-अर्धा किलो. मग डबा, टॉवेल, कपड्यांचा जोड घातला की अडीच किलो कधीच ओलांडले. आणि उन्हात दिवसभर फिरणाऱ्या मोठ्या माणसाला दोन-तीन लिटर पाणी सहज लागतं, चौघांचं घर धरलं तर आठ-दहा लिटर होतं, म्हणजे आठ-दहा किलो नुसतं पाणी. एवढं कुणीच वाहून नेऊ शकत नाही आणि नेऊही नये. पाण्याला एकच शहाणपणाचा मार्ग आहे, हलकी बाटली न्यायची आणि आत परत परत भरायची. सॅक हलकी होणार की जड हे आपल्या हुशारीवर जेवढं आहे त्याच्यापेक्षा जास्त आत नळ आहे का आणि बाटली गेटवरनं सोडतात का यावर आहे.

आणि तिथेच अडतं. एका पार्कच्या गेटवर आमच्या ग्रुपच्या बाटल्या काढून भिंतीशी ठेवायला लावल्या, साध्या पाण्याच्या, शाळेत नेतात त्या. आमच्यात सत्तरीच्या एक आजी होत्या, त्यांना बीपीची गोळी घ्यायची होती, त्यांनी बाटली मागितली तर आत विकत मिळतं असं उत्तर आलं. आत मिळत होतंच, बाहेर तेव्हा २० रुपयांना मिळणारी बाटली आत कितीतरी महाग. फुकटच्या पाण्याचं कुणाला विचारलं तर हाताने लांब कुठेतरी दाखवायचे, आणि तो कूलर सापडला तेव्हा त्याच्यापुढे उन्हात मोठी रांग. सिक्युरिटीच्या माणसाला मी दोष देत नाही, तो बारा तास त्याच उन्हात उभा असतो आणि त्याला वरून सांगितलेलं तो करतो. पण ज्या ठिकाणी माणूस सकाळी दहाला आत शिरून संध्याकाळी सहाला बाहेर पडतो, मध्ये बाहेर गेलं तर बऱ्याच जागी परत आत घेत नाहीत, तिथे पाणी विकत घ्यायला लावणं हे मला मनापासून चुकीचं वाटतं.

यावर लोक म्हणतात खाजगी जागा आहे, त्यांचे नियम त्यांनी ठरवावेत. बरोबर आहे, आणि सर्वोच्च न्यायालयानंही ३ जानेवारी २०२३ ला सिनेमागृहांच्या बाबतीत असंच सांगितलं की बाहेरचं खाणं आणू द्यायचं की नाही हे मालक ठरवू शकतो. जम्मू-काश्मीर उच्च न्यायालयाचा २०१८ चा आदेश होता की प्रेक्षकांना बाहेरचं खाणं नेण्यापासून अडवू नका, तो रद्द झाला. पण त्याच निकालात दोन गोष्टी आहेत त्या फार कमी लोकांना माहिती आहेत. सिनेमागृहानं पिण्याचं स्वच्छ पाणी फुकट द्यायचं, आणि लहान बाळ बरोबर असेल तर त्याच्यापुरतं खाणं आईवडिलांना नेऊ द्यायचं. हा निकाल थिएटरबद्दलचा आहे, पार्कला तो जसाच्या तसा लागू होतो असं माझं म्हणणं नाही. पण थिएटरमध्ये माणूस एसीत तीन तास खुर्चीवर बसतो तरी पाणी फुकट, आणि पार्कमध्ये आठ तास उन्हात चालतो तिथे नाही, हे कुठल्या न्यायात बसतं ते कुणीतरी समजावून सांगावं.

एमआरपीची तक्रार करा असंही सांगतात. ती वाट वाटते तेवढी सरळ नाहीये. हॉटेल आणि रेस्टॉरंटवाल्यांना बाटलीबंद पाणी एमआरपीपेक्षा जास्त भावानं विकता येतं कारण तिथे वस्तूबरोबर सेवाही दिली जाते, असं सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१७ मध्ये सांगितलंय. मग पार्कमधलं फूड कोर्ट म्हणजे रेस्टॉरंट, बाजूचा स्टॉल म्हणजे दुकान, असा वाद घालत कोण बसणार सुट्टीच्या दिवशी पोरं कडेवर घेऊन. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, फोन जरूर करावा, पण तहान त्या वेळी लागलेली असते.

आणि तहान ही किरकोळ गोष्ट नाही. एप्रिल २०२३ मध्ये खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या कार्यक्रमाला उन्हात बसलेल्या १४ श्रीसदस्यांचा (आप्पासाहेब धर्माधिकारींच्या अनुयायांचा) उष्माघातानं जीव गेला, खोपोलीच्याच रायगड जिल्ह्यात, हे आपण विसरायला नको. हवामान खातं किनारपट्टीला ३७ अंशाच्या पुढे उष्णतेच्या लाटेचा विचार करतं, सपाट प्रदेशात ४०, कारण दमट हवेत घाम वाळत नाही आणि अंग थंड होत नाही. राइडच्या रांगेत पाऊण-एक तास उभं राहिलेलं लहान पोर खेळण्याच्या नादात पाणी मागतच नाही, आणि मागतं तेव्हा आधीच उशीर झालेला असतो. एखाद्याचं अंग तापलंय, बोलणं असंबद्ध व्हायला लागलंय, चालताना तोल जातोय असं दिसलं तर सावलीत न्यायचं, कपडे सैल करायचे, ओल्या फडक्यानं अंग पुसत वारा घालायचा, १०८ ला फोन करायचा, आणि शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही. हे पार्कच्या प्रत्येक रांगेत मराठीत लिहिलेलं असायला हवं.

आता सॅक. ज्या गोष्टी मी प्रत्येकाला सांगते त्या इथे लिहिते, वाचणाऱ्याला उपयोग होईल.

ओआरएसची पाकिटं घ्याच, पण पाकिटावर बघून. छोटं साधारण ४ ग्रॅमचं पाकीट २०० मिली पाण्यासाठी असतं आणि मोठं साधारण २१ ग्रॅमचं एक लिटरसाठी. मोठं पाकीट अर्धा लिटरच्या बाटलीत टाकलं की ते घट्ट होतं आणि लहान मुलाला त्यानं त्रास होऊ शकतो, म्हणून घरनं निघतानाच बाटली केवढी आहे ते बघून तसं पाकीट ठेवायचं. आणि ती टेट्रापॅकमधली गोड पेयं वेगळी. त्यांच्या नावात ओआरएस असायचं पण साखर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रापेक्षा कितीतरी जास्त. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी यासाठी अनेक वर्षं पाठपुरावा केला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयनं, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं, आदेश काढला की त्या सूत्रात न बसणाऱ्या पेयांना नावात ओआरएस वापरता येणार नाही. एका डॉक्टरनं एवढ्या मोठ्या कंपन्यांपुढे टिकून राहणं ही फार मोठी गोष्ट आहे आणि आपल्याकडे त्याची चर्चा झाली पाहिजे तेवढी झाली नाही. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, मोजूनच, अंदाजानं नाही. कालवलेलं पाणी दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवायचं नाही. कोकम सरबत, लिंबाचं सरबत बसमध्ये प्यायला उत्तम, पण जुलाब लागलेल्या मुलाला ओआरएसच.

गाडी लागणारी मुलं असतील तर गोळी डॉक्टरांना विचारून आणि निघायच्या आधी द्यायची, घाटात उलटी सुरू झाल्यावर देऊन फारसा उपयोग नसतो. आलेपाकाची वडी, लिमलेटची गोळी, आवळा सुपारी पुढच्या कप्प्यात ठेवा, मोठ्यांनाही लागते. दोन-तीन कागदी पिशव्या आणि जुनं वर्तमानपत्र. लहान मुलांना भरल्या पोटानं आणि मोबाइलवर डोळे लावून बसवू नका, खिडकीतनं लांब बघायला सांगा.

खाण्याचं जरा सविस्तर लिहिते कारण इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. मे महिन्यात शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांच्या वर ठेवू नये असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि आपण पहाटे चारला केलेली बटाट्याची भाजी दुपारी एकला बंद डब्यातनं काढतो, ती गाडीच्या डिकीत तापलेली असते. दहीभात, ओलं खोबरं घातलेली चटणी, अंडी, पनीर हे घेऊच नका. आपल्या आज्यांकडे प्रवासाचं खाणं ठरलेलं होतं त्यामागे अनुभव आहे, दशमी, मेथीचे ठेपले, कोरडी शेंगदाण्याची नाहीतर सुक्या खोबऱ्याची लसूण चटणी, गूळ, राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की, भडंग, खजूर, भाजलेले फुटाणे. पाणी कमी म्हणून टिकतं, पोटही भरतं आणि सांडत नाही. काकडी आणि मोसंबी अख्खी न्यायची, चिरून नाही. चाकू न्यायचा नाही, गेटवर काढून घेतातच आणि ते बरोबरच आहे. डबा काचेचा नको, तोही सोडत नाहीत.

आता हे सगळं आत नेता येईल का, तर बहुतेक ठिकाणी नाही, आणि खाण्याच्या बाबतीत मी पार्कवाल्यांशी भांडणार नाही. त्यांचा धंदा आहे, आत पाच-सहा रेस्टॉरंट चालवायची, स्वच्छता ठेवायची, त्याला पैसे लागतात, मला मान्य आहे. म्हणून आम्ही काय करतो, सकाळी गेट उघडायच्या आधी बाहेरच भरपेट नाश्ता करून घेतो, संध्याकाळी बाहेर आल्यावर गाडीतले ठेपले-चिक्की खातो आणि दुपारचं जेवण आत घेतो, तिकिटात जेवण धरलेलं असेल तर ते आधीच बघून घेतो. पण बाहेर बसायचं कुठे? पार्किंगमध्ये, डांबरावर, दोन बसच्या मधल्या सावलीत. गेटबाहेर एक साधी पत्र्याची शेड, चार बाक, एक नळ आणि कचऱ्याची टोपली एवढं करायला किती खर्च येतो, सांगा.

मात्र खाण्यात काही गोष्टी अशा आहेत ज्या गेटवर वाद न घालता सोडल्याच पाहिजेत. बाळाचा भात-वरणाचा डबा, दूध, नाचणीचं सत्त्व, त्यासाठी गरम पाण्याचा थर्मास. मधुमेहाच्या माणसाच्या खिशातली साखर, बिस्किटं, इन्सुलिनची पिशवी. कुणाला शेंगदाण्याची किंवा गव्हाची अॅलर्जी असेल तर त्याचं वेगळं खाणं. अशा माणसांनी डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा आणि गोळ्या मूळ पाकिटातच ठेवाव्यात, सुट्या डबीत नाही, म्हणजे विचारलं तर दाखवता येतं. पण खरं तर चिठ्ठी दाखवायची वेळच येऊ नये.

वॉटर पार्क असेल तर कपड्यांचं लक्षात ठेवा. सुती टी-शर्ट, जीन्स, साडी, ओढणी घालून पाण्यात उतरू देत नाहीत, सुती कपडा भिजून जड होतो, धागे पाण्याच्या फिल्टरमध्ये जातात आणि ओढणी घसरगुंडीत अडकली तर जिवावर बेतू शकतं. नायलॉन-लायक्राचे अंगभर कपडे चांगल्या दुकानात मिळतात, पूर्ण बाह्यांचे आणि घोट्यापर्यंतचे, ज्या बायकांना संकोच वाटतो त्यांनाही त्यात मोकळेपणानं खेळता येतं, घरनंच न्या म्हणजे भाड्याचे घ्यावे लागत नाहीत. जाड टर्किश टॉवेल घेऊ नका, पंचा घ्या, अर्ध्या जागेत बसतो, पटकन वाळतो, डोक्याला बांधता येतो, बाळाला पांघरता येतो, ओला करून मानेवर टाकता येतो. ओल्या कपड्यांसाठी रेक्झिनची चेनवाली पिशवी ठेवा, पातळ प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगवर आपल्याकडे २०१८ पासून बंदी आहे आणि त्या फाटतातही. मुलींसाठी आणि बायकांसाठी सॅनिटरी पॅड, एक जादा आतले कपडे, दोन सेफ्टीपिना वेगळ्या छोट्या पाउचमध्ये ठेवा, शाळेच्या सहलीत बाईंच्या सॅकमध्ये हे पाउच असायलाच हवं, मुली मागायला लाजतात म्हणून आधीच सांगून ठेवायचं की ते कुठल्या कप्प्यात आहे. सनस्क्रीन उन्हात जायच्या वीसेक मिनिटं आधी आणि मग दर दोन तासांनी, पाण्यातनं बाहेर आल्यावर परत. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला सनस्क्रीन नको, टोपी आणि सावली.

राइडवर चढताना सॅक, मोबाइल, चष्मा, खिशातली चिल्लर सगळं खाली ठेवायला सांगतात ते ऐकायचं. वेगात सुटलेला मोबाइल खाली उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यात बसू शकतो. त्यामुळे सॅकमध्ये दागिने नकोत, लॅपटॉप नको, घरच्या सगळ्या किल्ल्यांचा जुडगा नको. कमरेला बांधायचा छोटा पाउच घ्या, त्यात थोडी रोकड, एक कार्ड, ओळखपत्र, कारण रेंज नसली की मोबाइलवरनं पैसे जात नाहीत आणि टोलनाक्याच्या अलीकडच्या चहावाल्याकडे सुटे लागतात. प्रत्येक राइडला उंचीची अट असते, मुलाची उंची घरी भिंतीला लावून सेंटिमीटरमध्ये मोजून जा, म्हणजे रांगेत तासभर उभं राहून शेवटी परत फिरायला लागत नाही आणि लेकराचं रडणं टळतं. पायात नवे बूट घालू नका, जुने, पायाला बसलेले घाला, आणि बँडेडच्या चार पट्ट्या ठेवाच.

लहान मूल हरवलं तर काय, हा विचार सॅक भरतानाच करायचा. शर्टच्या आत शिवलेल्या किंवा पिन लावलेल्या कापडाच्या तुकड्यावर आईवडिलांचे दोन्ही फोन नंबर लिहायचे, नाव बाहेरून दिसेल असं लिहायचं नाही, कारण नावानं हाक मारणाऱ्या परक्या माणसावर मूल विश्वास ठेवतं. सकाळी निघताना त्या दिवसाच्या कपड्यांतला मुलाचा एक फोटो काढून ठेवा, हरवलं तर कपड्यांचा रंग सांगताना कुणालाच काही आठवत नाही. १०९८ (लहान मुलांसाठीची हेल्पलाइन) आणि ११२ (तातडीची मदत) हे नंबर मोठ्या मुलांना पाठ असावेत. आजी-आजोबा बरोबर असतील तर त्यांच्याही खिशात चिठ्ठी, त्यावर चालू गोळ्यांची नावं, आणि गुडघ्याचा पट्टा, एक घडीची चटई. त्यांना राइडमध्ये बसायचं नसतं, त्यांना सावलीत बसून नातवंडं हसताना बघायची असतात, तर त्यांना तिथे बसता आलं पाहिजे आणि तिथे पाणी असलं पाहिजे.

मला सरकारकडून काय हवंय ते आता स्पष्ट लिहिते. पर्यटन विभाग आणि अन्न, नागरी पुरवठा व ग्राहक संरक्षण विभाग यांनी एकत्र बसून राज्यातल्या थीम पार्क, वॉटर पार्क आणि जिथे तिकीट काढून दिवसभर आत राहायचं असतं अशा सगळ्या ठिकाणांसाठी नियम काढावा की काच नसलेली पाण्याची बाटली, भरलेली किंवा रिकामी, गेटवर अडवायची नाही. आत गाळलेल्या पाण्याचे नळ असावेत, एक कुठेतरी कोपऱ्यात नाही, मोठ्या राइडच्या रांगेत आणि शौचालयापासून वेगळे, लहान मुलांचा हात पोचेल अशा उंचीवर, आणि त्या पाण्याची तपासणी कधी झाली ती तारीख वर लिहिलेली असावी. बाळाचं खाणं, औषधं आणि आजारी माणसाचं खाणं याला सूट आहे हे तिकिटाच्या पानावर, पैसे भरायच्या आधी, मराठीत आणि मोठ्या अक्षरात दिसावं, अटींच्या लांबलचक यादीत शेवटून तिसरं नाही. शाळेची सहल असेल तर शाळेला हे लेखी मिळावं, कारण शंभर मुलांना घेऊन गेलेल्या शिक्षकांनी गेटवर कुणाकुणाशी बोलायचं. काही पार्क आजही पाणी फुकट देतात, बाटली सोडतात, त्यांचं मला कौतुकच आहे, आणि त्यांना जमतं म्हणजे बाकीच्यांनाही जमेल. त्यात प्लॅस्टिकच्या बाटल्यांचा कचराही कमी होईल, ज्या राज्यानं प्लॅस्टिकबंदी आणली त्या राज्यात संध्याकाळी पार्कच्या डब्यांतनं बाटल्यांचे ढीग वाहताना बघवत नाही.

शाळा जूनमध्ये उघडतील, मग दिवाळीनंतर सहलींचा हंगाम, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. परिपत्रक काढायचं असेल तर त्याच्या आधी निघावं, म्हणजे शाळा सहलीची जागा ठरवतानाच विचारू शकतील की तुमच्याकडे नळ किती आणि कुठे आहेत. आपल्या वर्तमानपत्रानं वेगवेगळ्या जिल्ह्यांतल्या पार्कच्या गेटवर आपले वार्ताहर एक-एक बाटली घेऊन पाठवावेत आणि कुठे काय होतं ते छापावं अशी माझी संपादकांना विनंती आहे, सोबत आमच्या सोसायटीतल्या पालकांच्या सह्यांचं पत्र जोडलंय.

आपली,
एक पालक
डोंबिवली (पूर्व)